सरावाला चेहरा कोणाचा?

२०१७ च्या अखेरीला एका माणसाचा चेहरा दुसऱ्याच्या धडावर चढवणारी संगणकीय आज्ञावली इंटरनेटवर मोफत फिरू लागली. तिच्यासोबत सरावाचं साहित्यही मिळायचं: फोटोंनी भरलेले दोन फोल्डर. एकात डोनाल्ड ट्रम्प, दुसऱ्यात हॉलिवूडचा नट निकोलस केज. शिकाऊ माणसाने दोन्ही फोल्डर मशीनपुढे ठेवायचे, मशीनला तासन्‌तास घोकू द्यायचं, आणि मग ट्रम्प यांच्या धडावर केज बोलताना पाहायचा. शाळेच्या गणिताच्या पुस्तकात धड्याच्या सुरुवातीला सोडवून दाखवलेलं उदाहरण असतं ना, त्या जागी हे दोन चेहरे होते. त्या दोघांना विचारावं, असं कोणाच्या मनातही आलं नसावं. एक राष्ट्राध्यक्ष, दुसरा सिनेनट. त्यांचे फोटो म्हणजे गावची विहीर, कोणीही पोहरा टाकावा.

डीपफेक करायला लोकांना शिकवावं का, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, विद्या आहे, ती दडपून दडपत नसते. दुसरा म्हणतो, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊन वर त्याला कुलपाचं शास्त्र कशाला समजावता? मला मात्र हा सगळा वाद त्या दोन फोल्डरांपाशी अडकलेला दिसतो. तबला शिकायला तबला लागतो, पोळ्या शिकायला कणीक लागते. ही विद्या शिकायला माणसाचा चेहरा लागतो, आणि तो बहुधा शिकणाऱ्याचा नसतो.

आधी त्या करामतीकडे पाहू, कारण ती खरोखर थक्क करणारी आहे.

अशी कल्पना करा की एका खोलीत एक वर्णनकार बसलेला आहे आणि शेजारच्या दोन खोल्यांत दोन चित्रकार. वर्णनकाराला कोणाचाही फोटो दाखवला की तो एक छोटीशी चिठ्ठी लिहितो: मान किती वळली आहे, ओठ किती उघडे, भुवया वर की खाली, उजेड कोणत्या बाजूचा. चिठ्ठी मुद्दाम तोकडी असते, सगळं काही लिहायला तिच्यात जागाच नसते. पहिल्या चित्रकाराने आयुष्यभर फक्त ट्रम्प काढले आहेत. चिठ्ठी हाती आली की तो त्या ठेवणीतले ट्रम्प काढतो. दुसऱ्याने फक्त केज काढला आहे. प्रत्येक चित्र मूळ फोटोशी ताडून पाहायचं, चूक झाली की वर्णनकारानेही सुधारायचं आणि चित्रकारानेही. असं हजारो, लाखो वेळा. वर्णनकार दोघांना एकच असल्यामुळे हळूहळू त्याची भाषा कोणा एका माणसाची उरत नाही, ती चेहरा नावाच्या गोष्टीचीच भाषा होते. मग एके दिवशी लबाडी करायची. ट्रम्प यांच्या फोटोवरून लिहिलेली चिठ्ठी केजच्या चित्रकाराकडे सरकवायची. तो बिचारा इमानाने केज काढतो, पण हसू ट्रम्पचं, मानेची ढब ट्रम्पची. सेकंदाला २५-३० चित्रं या हिशेबाने हे केलं की चित्रफीत तयार. वर्णनकाराला म्हणतात एन्कोडर, चित्रकारांना डिकोडर. यात कोणीही मशीनला नाक म्हणजे काय ते सांगितलेलं नसतं. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत झोप आली नव्हती, आणि ती भीतीने उडाली नव्हती.

‘डीपफेक’ हे नावही याच सुमाराचं. रेडिट या संकेतस्थळावर ‘डीपफेक्स’ असं टोपणनाव घेतलेल्या कोणा एकाने नट्यांचे चेहरे अश्लील चित्रफितींवर चढवून टाकायला सुरुवात केली. डिसेंबर २०१७ मध्ये पत्रकार सामंथा कोल यांनी ते उघडकीला आणलं. जानेवारी २०१८ मध्ये ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही त्यालाही वापरता येईल असं ‘फेकॲप’ आलं, आणि फेब्रुवारीत रेडिटने तो गट बंद केला. विद्या मात्र गटाबरोबर बंद झाली नाही.

त्या काळी ही विद्या अवघड होती, ही गोष्ट आज विसरायला होते. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी बराक ओबामांचे ओठ हव्या त्या ध्वनिफितीबरोबर हलवून दाखवले, त्यासाठी त्यांनी ओबामांच्या भाषणांचं सुमारे १४ तासांचं चित्रण मशीनला पाजलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टिकटॉकवर टॉम क्रूझच्या खोट्या चित्रफितींनी धमाल उडवली. त्या करणारे बेल्जियमचे क्रिस उमे सांगत की मूळ मॉडेल तयार करायलाच दोन महिने लागले, पुढे प्रत्येक छोट्या चित्रफितीमागे कित्येक दिवसांचं हातकाम. शिवाय क्रूझची नक्कल करणारा माइल्स फिशरसारखा पट्टीचा नट होता. पण २०१९ मध्ये आलेल्या एका संशोधनाने एकाच फोटोवरून चेहरा हलवून दाखवला, आणि २०२० च्या टाळेबंदीत त्याच तंत्राने जगभरची पोरं मित्रांच्या, शिक्षकांच्या, पुढाऱ्यांच्या फोटोंना एक जुनं जपानी व्हिडिओ गेममधलं गाणं गायला लावत होती. चौदा तासांवरून एका फोटोवर यायला तीन वर्षंही लागली नाहीत. अवघड विद्येला स्वतःची एक चाळणी असते. महिनाभर रात्री जागवणारा माणूस त्या महिनाभरात एकदा तरी आपण काय करतो आहोत याचा विचार करतो. चाळणी गेली आणि शिकवणाऱ्याची जबाबदारी वाढली. पण शिकवणारे तर म्हणू लागले, आता यात शिकवण्यासारखं उरलंय काय!

मी तत्त्व सांगितलं, कृती सांगितली नाही. वर्णनकाराची गोष्ट वाचून कोणाला उद्या शेजारणीची चित्रफीत करता येणार नाही, पण व्हॉट्सॲपवर आलेली चित्रफीत कशी झाली असेल याचा अंदाज मात्र बांधता येईल. माहिती आणि तालीम यांच्यातली सीमा मी माझ्यापुरती अशी आखली आहे. ती सगळ्यांना पटेल असं नाही.

ऑनलाइन गुरूंच्या निरनिराळ्या जाती पाहिल्या म्हणजे ही सीमा किती पुसट आहे ते कळतं.

‘फेसस्वॅप’ हा खुल्या प्रणालीचा प्रकल्प त्याच सुरुवातीच्या आज्ञावलीतून वाढला. त्याच्या माहितीपानावरच एक जाहीरनामा आहे: हे साधन अश्लील गोष्टींसाठी नाही, संमतीशिवाय चेहरे बदलण्यासाठी नाही, बदल लपवण्यासाठी नाही, ते कृत्रिम बुद्धिमत्ता हाताने शिकता यावी म्हणून, सिनेमासाठी, सामाजिक आणि राजकीय टीकेसाठी आहे. वाईट वापर करणाऱ्याची गय करणार नाही, असंही त्यात बजावलं आहे. प्रामाणिक माणसांनी लिहिलेला मजकूर आहे, यात मला शंका नाही. पण राजकीय टीका चालेल आणि संमतीही हवी, या दोन वाक्यांचं आपसात पटत नाही. ज्या पुढाऱ्याची टिंगल करायची त्याची संमती कोण आणणार? जाहीरनाम्याला ही गाठ सोडवता आलेली नाही, आणि खरं सांगायचं तर कायद्यालाही अजून नीट सोडवता आलेली नाही.

‘डीपफेसलॅब’ या दुसऱ्या प्रणालीच्या कर्त्यांचा दावा असे की जगातल्या ९५ टक्क्यांहून अधिक डीपफेक चित्रफिती त्यांच्याच साधनाने होतात. आता या दाव्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या डीपट्रेस या कंपनीने इंटरनेटवरच्या १४,६७८ डीपफेक चित्रफिती मोजल्या. त्यांतल्या ९६ टक्के संमतीविना केलेल्या अश्लील चित्रफिती होत्या. साधन मोफत, मार्गदर्शन मोफत, आणि पिकाचा ९६ टक्के भाग हा असा. शेत नांगरायला दिलं होतं, गांजा पिकला, यात माझा काय दोष, असं म्हणणाऱ्याला निदान दुसऱ्या हंगामात तरी बांधावर जाऊन बघायला हवं होतं.

सगळ्यांत तत्पर गुरू भेटत ते याच बाजारात. अशा चित्रफितींच्या सर्वांत मोठ्या संकेतस्थळाला जोडून चर्चागट होता. तिथे नवख्यांसाठी पायरीपायरीने लिहिलेली मार्गदर्शनं होती, अडलेल्याला रात्री दोन वाजताही उत्तर मिळे, आणि ‘फेससेट’ची देवाणघेवाण चाले. फेससेट म्हणजे एका व्यक्तीच्या चेहऱ्याचे निवडून, कापून, सरळ करून लावलेले हजारो फोटो. ज्याला हे काम करायचा कंटाळा, त्याला तयार संच मिळे, जसं भाजी चिरून पाकिटात मिळते तसं. कोणत्या नटीचा संच चांगला, कोणाचा उजेड एकसारखा, याच्या चर्चा शास्त्रीय गांभीर्याने होत. मदतीला धावणारी माणसं, शंकांना न कंटाळणारे जाणते, चुकांबद्दल समजूतदारपणा: चांगल्या वर्गाची सगळी लक्षणं तिथे होती. वर्ग कशाचा, एवढं सोडून. सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीने अंग काढून घेतल्यावर मे २०२५ मध्ये ते संकेतस्थळ बंद पडलं.

आणि यूट्यूबवरचे असंख्य गुरू. त्यांच्या चित्रफितीखाली एक ओळ ठरलेली: केवळ शैक्षणिक हेतूने. सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्याइतकीच ती परिणामकारक असते. पण त्यांच्या धड्यांत एक गोष्ट नियमाने दिसते. नमुना म्हणून घेतलेला चेहरा प्रसिद्ध माणसाचा असतो, कारण त्याचं चित्रण भरपूर मिळतं. म्हणजे न विचारता चेहरा उचलणं, हा या विद्येतला पहिलाच धडा ठरतो, आणि तो शिकवला जातो आहे हे गुरूच्याही ध्यानात नसतं.

इथे मला एडिंबरा आठवतं. १८२० च्या दशकात ते शरीररचनाशास्त्राचं मोठं केंद्र होतं. डॉ. रॉबर्ट नॉक्स यांचे वर्ग भरून वाहत. शिकायला देह लागत, आणि कायद्याने मिळणारे देह फार थोडे. मग ताजी थडगी उकरणारे पुढे आले. १८२७-२८ मध्ये विल्यम बर्क आणि विल्यम हेअर या दोघांनी थडगी उकरण्याचेही कष्ट टाळले. पहिला देह त्यांच्याकडे राहणाऱ्या आणि आजाराने मेलेल्या एका भाडेकरूचा होता. त्याचे नॉक्सच्या शाळेत साडेसात पौंड मिळाले. त्यानंतर त्यांनी १६ माणसं मारून विकली. देह इतका ताजा कसा, हे नॉक्सने कधी विचारलं नाही. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. जानेवारी १८२९ मध्ये बर्क फासावर गेला, आणि शिक्षेचाच भाग म्हणून त्याच्या देहाचं जाहीर विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा आजही एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात उभा आहे. मास्तरवर खटलाही भरला गेला नाही. लोकांनी त्याच्या घरापुढे त्याचा पुतळा जाळला, एवढंच.

या प्रकरणानंतर शरीरशास्त्र शिकवणं बंद करा, असं शहाण्या माणसांनी म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, देह कोणाचा? १८३२ च्या ब्रिटिश कायद्याने बेवारस देह शाळांना मिळू लागले, म्हणजे भार गरिबांवर पडला. तो न्याय अर्धाच होता. मुंबई राज्यात यासाठीचा कायदा १९४९ मध्ये झाला. पुढे देहदानाची चळवळ आली आणि आज आपल्याकडे एखादे आजोबा जिवंतपणी अर्ज भरून ठेवतात, मुलांना बजावून ठेवतात की गेल्यावर वैद्यकीय महाविद्यालयाला फोन करायचा. वर्गात पहिल्या दिवशी विद्यार्थी त्या देहापुढे हात जोडून उभे राहतात. विद्या तीच, सुरीही तीच. थडगं उकरणं आणि देहदान यांच्यामधल्या वाटेला शंभर-सव्वाशे वर्षं लागली.

डीपफेकचे वर्ग अजून थडग्यांच्या काळात आहेत.

दुसरी एक तुलना या वादात नेहमी निघते, कुलपांची. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकी कुलूपवाल्याने चब कंपनीचं न उघडणारं म्हणून गाजलेलं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं, आणि ब्रामा यांचं, जे आव्हान म्हणून ६० वर्षं दुकानाच्या खिडकीत टांगलं होतं, ते १६ दिवसांत मिळून ५१ तास खटपट करून उघडलं. हे जाहीर करावं का, यावर रण माजलं. उघडपणाच्या बाजूचे म्हणाले, चोरांना हे आधीपासून येतं, अंधारात आहेत ते फक्त घरमालक. त्यांचं बरोबर होतं. त्यानंतर कुलपं सुधारली. संगणक-सुरक्षेतली सगळी नीती आजही याच युक्तिवादावर उभी आहे, आणि डीपफेक शिकवणारेही त्याचाच आधार घेतात. पण तो इथे तोकडा पडतो. ब्रामाच्या ग्राहकाला नवं कुलूप विकत घेता आलं. ज्या मुलीची चित्रफीत झाली तिने दुसरा चेहरा कुठून आणायचा? मुंबईच्या पत्रकार राणा अय्यूब यांच्या चेहऱ्याची अशी चित्रफीत एप्रिल २०१८ मध्ये फोनाफोनांवर पसरली. आपण लिहायला बसलो की हात कसा आखडू लागला, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलं आहे. चित्रफीत खोटी आहे हे पाहणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक असूनही त्यांचे हाल थांबले नव्हते. खोटं ओळखता येणं हा त्यावरचा उताराच नव्हता.

मराठीला या बाबतीत दोन जुने शब्द आयते मिळाले आहेत: सोंग आणि तोतया. बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात येतो, दरडावतो, घरातली पोरं घाबरतात, मोठी माणसं हसतात आणि सुपातून धान्य देतात. सोंग आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. ते जितकं हुबेहूब तितकं बक्षीस मोठं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला माणूसही हुबेहूबच असला पाहिजे. १७७६ मध्ये त्याने कोकणात फौज जमवली, किल्ले घेतले, आणि अखेर पकडला जाऊन पुण्यात जिवाला मुकला. कला दोघांची एकच; एकाला धान्य, दुसऱ्याला देहदंड. आपल्या आजोबांना हा फरक कोणत्याही नियमावलीशिवाय कळत होता. डीपफेकचा वर्ग भरवणाऱ्याने पहिल्या तासाला हे दोन शब्द फळ्यावर लिहिले तरी अर्धं काम होईल.

अर्धंच, कारण मधली प्रकरणंही आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी भाजपचे मनोज तिवारी यांच्या दोन चित्रफिती व्हॉट्सॲपवर आल्या, एक इंग्रजीत, एक हरियाणवीत. प्रत्यक्षात ते हिंदीत बोलले होते. ओठ मशीनने हलवले होते. चेहरा त्यांचा, संमती पक्षाची, आणि पक्षाच्याच माणसाच्या सांगण्याप्रमाणे ५,८०० गटांमधून सुमारे दीड कोटी लोकांपर्यंत त्या गेल्या. इथे ज्याचा चेहरा त्याला ठाऊक होतं, ज्याचं मत मागायचं त्याला नव्हतं. याला सोंग म्हणायचं की तोतयेगिरी? मी तोतयेगिरीच्या बाजूला झुकतो, पण जरा अडखळत. सिनेमाचं डबिंग आपण निमूट ऐकतोच की.

उलट टोक रश्मिका मंदानाच्या प्रकरणाचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचा चेहरा दुसऱ्या एका तरुणीच्या धडावर चढवलेली चित्रफीत देशभर गाजली, पंतप्रधानांपासून सगळे डीपफेकबद्दल बोलू लागले. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्र प्रदेशातल्या एका तरुण अभियंत्याला पकडलं. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो तिच्या चाहत्यांचं पान चालवत होता आणि त्याला अनुयायी वाढवायचे होते. दोन आठवड्यांत ते ९० हजारांवरून १ लाख ८ हजारांवर गेले. वैर नाही, सूड नाही. चाहता! हातात आलेलं तंत्र वापरून पाहणारा, दोन्ही स्त्रियांपैकी एकीलाही न विचारणारा. गुन्हेगार मुळातच वाईट असतो, त्याला कोणीही शिकवलं नसतं तरी त्याने केलंच असतं, हा शिकवणाऱ्यांचा आवडता बचाव या तरुणापुढे लंगडा पडतो. दक्षिण कोरियात २०२४ मध्ये टेलिग्रामवर वर्गमैत्रिणींच्या आणि शिक्षिकांच्या अशा चित्रफितींचं जाळं उघड झालं, तेव्हाही संशयितांत फार मोठा भाग शाळकरी वयाच्या मुलांचा निघाला. तिथल्या संसदेने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अशी चित्रफीत जवळ बाळगणं किंवा नुसती पाहणं हाही तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला.

आपल्याकडची न्यायालयं या प्रश्नाकडे प्रसिद्ध माणसांच्या दारातून आली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, आवाज, छबी आणि ‘झकास’ हा उद्गारही परवानगीविना वापरायला मनाई केली. एका मराठी विशेषणाला न्यायालयाच्या आदेशात जागा मिळाली याचा मला उगीचच आनंद झाला होता. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या एका खऱ्या मुलाखतीवर खोटा आवाज चढवून एका गेमिंग ॲपची जाहिरात फिरवली गेली, मुलीचं नाव घेऊन. मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. शिकवण्याच्या प्रश्नाला सर्वांत जवळ गेला तो मुंबई उच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा अरिजीत सिंग प्रकरणातला आदेश. नक्कल केलेलं गाणं तर दूरच, कोणाचाही आवाज त्या गायकाच्या आवाजात बदलून देणारं साधन लोकांना परवानगीविना उपलब्ध करणं हेच त्याच्या हक्काचं उल्लंघन आहे, असं न्यायमूर्ती रियाझ छागला यांनी म्हटलं. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने तीच दिशा धरली. साधन पुरवणं दोषास्पद, मग साधन कसं वापरावं ते शिकवणं? आदेशाचं तर्कशास्त्र तिथवर पोचायला फार लांब नाही. ब्रिटन तर एका बाबतीत थेट तिथे पोचलंच: बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं कृत्रिम बुद्धिमत्तेने कशी करावी हे सांगणारी मार्गदर्शिका नुसती जवळ बाळगणं तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र करण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केला. पुस्तकावर बंदी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. या एका पुस्तकासाठी येत नाही.

मोठ्या कंपन्यांनी आपापली वेगळी वाट काढली. विद्यार्थ्यांचा आवडता मोफत संगणक-फळा, गूगल कोलॅब, त्याने मे २०२२ मध्ये डीपफेकचं प्रशिक्षण आपल्या यंत्रांवर चालवायला मनाई केली. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२४ मध्ये एका फोटोवरून बोलता चेहरा तयार करणाऱ्या वासा-१ ची ओळख करून दिली आणि साधन मात्र तिजोरीत ठेवलं. गरीब विद्यार्थ्याचा फळा काढून घेतला आणि श्रीमंत प्रयोगशाळेची विद्या तिच्याचपाशी राहिली, अशीही याची एक बाजू आहे. बाजारातल्या बेफिकीर माणसाला यातलं काहीच लागलं नाही.

मग चांगला वर्ग कसा असतो? तो अस्तित्वात आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फ्रान्चेस्का पनेटा आणि हॅल्सी बर्गंड यांनी २०१९ मध्ये एक चित्रफीत केली. अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावरच अडकले तर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वाचायचं भाषण १९६९ मध्ये विल्यम सफायर यांनी खरोखर लिहून ठेवलं होतं. वाचायची वेळ आली नाही. पनेटा-बर्गंड यांनी ते निक्सनकडून वाचून घेतलं: १९७४ च्या राजीनाम्याच्या भाषणाचं चित्रण, त्यावर नवे ओठ, आणि लुइस व्हीलर नावाच्या नटाचा आवाज निक्सनच्या आवाजात बदललेला. व्हीलर तासन्‌तास निक्सनचे तुकडे ऐकून तसेच म्हणत बसला होता. चित्रफितीला २०२१ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. पण खरी मेहनत पुढची आहे. ती ज्या संकेतस्थळावर आहे तिथेच ती कशी केली याचं सगळं पोट उघडून दाखवलं आहे, आणि त्यावरून शिक्षकांसाठी माध्यमसाक्षरतेचा अभ्यासक्रम बांधला आहे. निक्सन १९९४ मध्येच वारले होते, त्यांची संमती कोण देणार, ही शंका माझ्या मनातून पूर्ण गेलेली नाही. तरी लपवाछपवी नाही, आणि घडलंच नाही ते घडल्यासारखं दाखवताना हेच नीट पाहा म्हणून सांगणं आहे.

सरावाच्या चेहऱ्यांचा प्रश्न पैसे टाकूनही सुटतो. फेसबुकने डीपफेक ओळखण्याची स्पर्धा भरवली तेव्हा ३,४२६ जणांना मोबदला देऊन, संमती घेऊन त्यांचं चित्रण केलं आणि लाखाहून अधिक चित्रफितींचा साठा तयार केला. २०२० मध्ये निकाल लागला तेव्हा सर्वोत्तम ठरलेल्या मॉडेलला आधी न दाखवलेल्या चित्रफितींतल्या जेमतेम ६५ टक्के बरोबर ओळखता आल्या. ओळखण्याची विद्या करण्याच्या विद्येमागे किती धापा टाकते आहे ते यावरून दिसावं.

सगळ्यांना शिकवलं तर सगळे सावध होतील, या आशेलाही एक फट आहे. जानेवारी २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात लष्करातल्या काहींनी बंडाचा प्रयत्न केला. त्याआधी आठवडाभर, आजारी राष्ट्राध्यक्ष अली बोंगो यांची नववर्षाची चित्रफीत डीपफेक असल्याची कुजबुज देशभर चालली होती. ती तशी असल्याचा पुरावा कधीच मिळाला नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास राजस्थानचे डीपफेक करून देणारे व्यावसायिक दिव्येंद्र सिंह जादौन यांनी पत्रकारांना आपल्या व्यवसायातली एक मागणी सांगितली. आलेल्या मागण्यांतल्या निम्म्याहून अधिक त्यांनी अनैतिक म्हणून परत पाठवल्या होत्या. एक होती अशी: आमच्याच उमेदवाराच्या बेंगरूळ, पटकन ओळखू येतील अशा खोट्या चित्रफिती करून द्या. उद्या त्याची खरी अडचणीची चित्रफीत बाहेर आली तर, हीदेखील तसलीच, असं म्हणता येईल. हे ऐकल्यावर मला क्षणभर त्या मागणी करणाऱ्याच्या बुद्धीचं कौतुक वाटलं, ते कबूल करतो. चित्रफिती खोट्या असू शकतात, हे त्याने कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा अधिक नीट पचवलं होतं.

शेवटी, ज्यांनी आपले चेहरे आपणहून दिले त्यांची हकीकत. रशियातल्या चेचन्यामध्ये २०१७ पासून समलिंगी पुरुषांची धरपकड आणि छळ सुरू झाला. त्यातून पळणाऱ्यांवर डेव्हिड फ्रान्स यांनी माहितीपट केला, ‘वेलकम टू चेचन्या’, तो २०२० मध्ये आला. पळणाऱ्यांचे चेहरे दिसले असते तर त्यांचा जीव गेला असता. चौकोनांनी पुसले असते तर प्रेक्षकाला माणूस दिसला नसता. तंत्रज्ञ रायन लेनी यांनी याच डीपफेकच्या विद्येला हात घातला. न्यूयॉर्कमधले कार्यकर्ते पुढे आले, कॅमेऱ्यांच्या कोंडाळ्यात बसले, हसले, रडले, मान वळवली, आणि आपले चेहरे त्या अनोळखी माणसांना उसने देऊन घरी गेले. पडद्यावर त्या चेहऱ्यांच्या कडा किंचित धूसर ठेवल्या आहेत, सोंग आहे हे प्रेक्षकाला सतत दिसत राहावं म्हणून. माहितीपटात ग्रिशा नावाने वावरणारा एक तरुण शेवटी सरकारविरुद्ध तक्रार नोंदवायला आणि पत्रकारांसमोर खऱ्या नावाने यायला तयार होतो. तो माइकसमोर बसतो. बोलता बोलता उसना चेहरा विरघळू लागतो, आणि त्याखालून मॅक्सिम लापुनॉव्हचा स्वतःचा चेहरा वर येतो.